सुधारकाग्रणी संपादक कै. गोपाळ गणेश आगरकर

आपल्या ज्ञातीत जन्मास आलेल्या कर्तबगार पुरुषांची नावे आपण मोठ्या अभिमानाने घेतो. त्या नामावळीत कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आज सर्वमान्य झालेले आहे. शाळांना आणि चौकांना त्यांचे नाव दिलेले आढळते, विद्यार्थी त्यांचे निबंध अभ्यासतात, जयंतीस व पुण्यतिथीस त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. परंतु ज्या समाजाला आज त्यांचा अभिमान वाटतो, त्याच समाजातील लोकांनी ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती, याचे स्मरण हार घालताना सहसा कोणी करीत नाही. अशा पुरुषाचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत द्यावयाचे, तर ते संपूर्ण दिले पाहिजे. गरीब घरातील मुलगा कष्टाने शिकून मोठा झाला, एवढेच सांगून थांबणे म्हणजे अर्धे चरित्र सांगणे होय. तो मोठा कशाने झाला, आणि मोठा होत असतानाच आपल्या माणसांना तो नकोसा का झाला, हे आपल्या घरातील तरुण मुलामुलींस कळावे, या हेतूने हा अल्प प्रयत्न केला आहे.

बालपण व विद्यार्जन

कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. घराणे मूळचे कोकणातील. वडील गणेशपंत यांची सांपत्तिक स्थिती इतकी बेताची होती की, मुलाच्या शिक्षणाचा भार उचलणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. साहजिकच गोपाळ कराड येथे आजोळी राहून शिकू लागला. इंग्रजी तीन इयत्तांपर्यंतचे शिक्षण त्याने तेथेच पुरे केले.

पुढे काय, हा प्रश्न त्या काळच्या शेकडो ब्राह्मण कुटुंबांपुढे असे, तसाच तो या कुटुंबापुढेही उभा राहिला. इंग्रजी अमदानीत सरकारी कचेरी हेच पोट भरण्याचे मुख्य ठिकाण झाले होते. मामलेदार कचेरीत प्रथम बिनपगारी उमेदवारी करावयाची, वरिष्ठांची मर्जी संपादन करावयाची आणि यथावकाश कारकुनीची जागा मिळवावयाची, ही तेव्हाची रुळलेली वाट होती. गोपाळलाही त्या वाटेने पाठविण्यात आले, आणि त्याने काही दिवस कराडच्या कचेरीत उमेदवारी केली. तो तेथेच स्थिरावला असता, तर घरच्या माणसांना समाधान वाटले असते आणि महाराष्ट्राला त्याचे नावही कळले नसते. पण शिकण्याची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना.

कचेरी सोडून तो रत्नागिरीस गेला. परक्या गावी शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला तेव्हा दोनच मार्ग मोकळे असत. एक माधुकरी मागण्याचा, आणि दुसरा वार लावून जेवण्याचा. आठवड्यातील सात दिवस सात घरी जेवावयाचे, आणि एखाद्या वाराचे घर न मिळाल्यास त्या दिवशी उपास करावयाचा, हा प्रकार आजच्या मुलांना ऐकूनही ठाऊक नसेल. रत्नागिरीस गोपाळचा जम बसला नाही. तो कराडला परत आला आणि तेथील दवाखान्यात कंपाउंडरचे काम करू लागला. औषधांच्या बाटल्या भरणारा हा मुलगा आणखी काही वर्षांनी एम. ए. होईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर ऐकणाऱ्याला हसू आले असते.

त्यानंतर नातलगांच्या आश्रयाने तो वऱ्हाडात अकोला येथे गेला. येथे त्याचे दैव उघडले असे म्हणावयास हरकत नाही. अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे रसिक व विद्वान शिक्षक त्याला लाभले. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’ या नाटकाचे ‘तारा’ नावाने मराठी रूपांतर करणारे महाजनी ते हेच. या विद्यार्थ्याचे पाणी त्यांनी ओळखले आणि त्याला आधार दिला. याच काळात गोपाळराव अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहून चार पैसे मिळवू लागले. पुढे ज्या लेखणीने पुणे शहर हलवून सोडले, ती प्रथम हाती धरली गेली ती शाळेचा खर्च भागविण्यासाठी, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

डेक्कन कॉलेजातील दिवस

१८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर गोपाळराव पुण्यास आले आणि डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अकोल्याच्या शिक्षकांनी केलेले साहाय्य प्रवासापुरते व प्रारंभीच्या खर्चापुरते होते. पुढचे सर्व त्यांनी स्वतःच्या हिमतीवर निभावले. वृत्तपत्रांत लिहावे, वक्तृत्वाच्या व निबंधांच्या चढाओढीत बक्षिसे मिळवावीत, आणि त्यावर महिना काढावा, असा क्रम चालला होता. अंगात घालावयास एकच सदरा होता. तो रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच पुन्हा घालून वर्गात जावयाचे, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नमूद केलेली आहे.

एकदा परीक्षेची फी भरण्यास जवळ पैसे नव्हते. तेव्हा एखादे नाटक लिहून ते नाटक मंडळीला विकावे, म्हणजे फीची सोय होईल, असा विचार करून त्यांनी लिहावयास प्रारंभ केला. परीक्षा तोंडावर आलेली असताना हुशार विद्यार्थी अभ्यास सोडून नाटक लिहीत बसला आहे, हे प्रा. केरूनाना छत्रे यांच्या कानी गेले. त्यांनी त्याला बोलावून घेऊन कारण विचारले, आणि कारण कळताच पैशाची व्यवस्था केली. गणितशास्त्राचा हा थोर अध्यापक महाराष्ट्राला अनेक कारणांनी ठाऊक आहे, परंतु त्याच्या या एका कृतीचे मोल त्याच्या ग्रंथांहून कमी नाही.

१८७८ साली गोपाळराव बी. ए. झाले. शिकत असतानाच त्यांचा यशोदाबाईंशी विवाह झाला होता. या वर्षांत त्यांनी मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचे ग्रंथ बारकाईने वाचले. कोणतीही गोष्ट केवळ जुनी आहे म्हणून खरी मानू नये आणि केवळ नवी आहे म्हणूनही खरी मानू नये, ती बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी, हा त्यांच्या मनाचा धर्म येथेच पक्का झाला. एम. ए.चा अभ्यास चालू असताना १८७९ च्या सुमारास त्यांचा बाळ गंगाधर टिळक यांच्याशी निकटचा स्नेह जडला. टिळक त्या वेळी कायद्याचा अभ्यास करीत होते. कॉलेजाच्या परिसरात आणि जवळच्या टेकडीवर हिंडत हे दोघे समवयस्क तरुण देशाच्या स्थितीविषयी तासन्‌तास बोलत. सरकारी नोकरी करावयाची नाही आणि आयुष्य लोकशिक्षणासाठी वेचावयाचे, असा निश्चय या बोलण्यातून झाला.

हा निश्चय उच्चारणे सोपे होते. घरी कळविणे मात्र कठीण होते. मुलाने एवढ्या हालअपेष्टा सोसून परीक्षा दिल्या, आता त्याला मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि आपले दिवस पालटतील, अशी आशा आई उराशी बाळगून बसलेली होती. अशा आईला गोपाळरावांनी पत्र लिहून कळविले की, आपण श्रीमंतीची हाव धरणार नाही, पोटापुरते मिळवून त्यात संतोष मानू, आणि आपला सर्व काळ लोकांच्या हितासाठी घालवू. या पत्राचा उल्लेख त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो व तो यावयासच हवा. मात्र ते पत्र वाचताना त्या माउलीस काय वाटले असेल, याचाही विचार वाचकाने करावा. मुलाच्या ध्येयासाठी जो त्याग घडला, त्यात तिचाही वाटा होता.

‘केसरी’ आणि डोंगरीचा तुरुंग

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी नोकरी सोडली, आणि त्यांनी व टिळकांनी १८८० सालच्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. होऊन आगरकर १८८१ च्या प्रारंभी या मंडळीस मिळाले. शास्त्रीबोवा ‘निबंधमाले’तून सुधारकांवर कठोर टीका करणारे, आणि आगरकर पूर्णपणे बुद्धिवादी. तरीही देशकार्यासाठी ते एकत्र आले, यावरून त्या पिढीच्या मनाचा मोठेपणा दिसून येतो.

शाळेपाठोपाठ वृत्तपत्रे निघाली. २ जानेवारी १८८१ रोजी इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारी १८८१ रोजी मराठी ‘केसरी’ प्रसिद्ध झाला. टिळकांचे नाव ‘केसरी’शी इतके एकरूप झाले आहे की, त्या पत्राचे पहिले संपादक आगरकर होते, हे सांगितल्यास अनेकांना आजही नवल वाटते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांच्या हाती हे पत्र आले आणि सुमारे पावणेसात वर्षे त्यांनी ते चालविले.

पहिल्याच वर्षाच्या अखेरीस संकट ओढवले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, आणि त्यामागे संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशा वार्ता पुण्यास येत होत्या. त्यास पुरावा म्हणून काही पत्रे संपादकांच्या हाती आली, आणि त्यांच्या आधारे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांत कडक लेख प्रसिद्ध झाले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. चौकशीत ती पत्रे बनावट ठरली. तेव्हा टिळक-आगरकरांनी दिलगिरी प्रदर्शित केली, तथापि खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये उभयतांस प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांची रवानगी करण्यात आली. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले होते. नवी शाळा व नवी पत्रे यांवरील छत्र असे अकाली नाहीसे झाले.

या प्रकरणातील एक गोष्ट आपल्या ज्ञातीच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. संपादकांना जामिनावर सोडविण्यासाठी १०,००० रुपयांची हमी हवी होती. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. ही हमी दिली ती रामशेट बापूशेट उरवणे यांनी. ते महात्मा जोतीराव फुले यांचे स्नेही व सत्यशोधक विचाराचे गृहस्थ होते, आणि त्यांनी हे केले ते जोतीरावांच्या सांगण्यावरून. ‘निबंधमाले’त जोतीरावांवर झालेली टीका तेव्हा ताजी होती. तरीही छत्रपतींच्या घराण्यासाठी लेखणी चालविणाऱ्या दोन ब्राह्मण तरुणांमागे उभे राहताना या मंडळींनी ते मनात आणले नाही.

तुरुंगात टिळक व आगरकर एकाच ठिकाणी होते. रात्र रात्र त्यांचे बोलणे चाले. याच वास्तव्यात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर हाती घेतले. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. शिक्षेतील काही दिवस माफ होऊन २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघांची सुटका झाली. तेव्हा त्यांच्या स्वागतास लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती, आणि मुंबईत व पुण्यास त्यांचे मोठे सत्कार झाले. तुरुंगातील अनुभव आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या छोट्या पुस्तकात सांगितले आहेत. स्वतःच्या हालांचे भांडवल न करता, विनोदाचा शिडकावा करीत, साध्या भाषेत लिहिलेले हे पुस्तक आजही आवडीने वाचले जाते.

लोकांनी आगरकरांना डोक्यावर घेतले तो हा काळ. परसत्तेच्या व तिच्या हस्तकांच्या अन्यायाविरुद्ध ते लिहीत होते, आणि वाचकवर्ग संतुष्ट होता. त्यानंतर २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या दोन्ही कार्यांत आगरकर अग्रभागी होते. सकाळी अध्यापन आणि रात्री संपादन, असा त्यांचा दिनक्रम झाला. दम्याचा विकार याच सुमारास बळावत चालला होता.

मतभेद

परक्याचा अन्याय दाखविणाऱ्या संपादकाला टाळ्या मिळतात. परंतु तसाच अन्याय आपल्या माजघरात चालला असेल, तर त्याविषयी संपादकाने मौन धरावे काय, हा प्रश्न आगरकरांच्या मनास छळू लागला. आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत होती. पती वारल्यावर अजाण पोरींचे केशवपन करून त्यांना जन्मभर कोपऱ्यात बसविले जात होते. मुलींनी शिकणे हे लांछन मानले जात होते. हे सर्व ज्यांच्या घरी चालत असे, तेच ‘केसरी’चे वर्गणीदार होते.

१८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा देशभर वाद माजला. पाठोपाठ रखमाबाईंचा खटला उभा राहिला. बालपणी झालेल्या लग्नाच्या पतीकडे नांदावयास जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला होता, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने त्यांना पतीकडे जाण्याचा अथवा सहा महिन्यांच्या कैदेचा पर्याय दिला. आगरकरांची सहानुभूती निःसंशय रखमाबाईंकडे होती. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांचे मत निराळे होते. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या प्रश्नावर टिळकांचे व त्यांचे मार्ग वेगळे होऊ लागले. परकी सरकारने कायदे करून आपल्या धर्मव्यवहारात हात घालू नये, असे टिळक म्हणत. लोकांना स्वतः होऊन सुधारावयाचे नसेल, तर दुबळ्यांच्या रक्षणासाठी कायदा असावा, अशी आगरकरांची भूमिका होती.

दोन्ही पक्षांत मोठी माणसे होती, आणि दोन्हींचा हेतू देशहिताचाच होता, हे आज तटस्थपणे सांगता येते. परंतु ‘केसरी’ हे मंडळाचे समाईक पत्र होते. त्यात एकट्या संपादकाची मते इतरांच्या मताविरुद्ध छापली जावीत काय, हा प्रश्न टाळण्यासारखा राहिला नाही. अखेर १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले, आणि पत्र टिळकांच्या हाती गेले. नावारूपास आणलेले पत्र, वाचकांचा विश्वास आणि जिवलग मित्र, हे सारे त्यांनी एका मतासाठी सोडले.

‘सुधारक’

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी पुण्यास ‘सुधारक’ हे नवे साप्ताहिक निघाले. ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असे. इंग्रजी भाग सांभाळण्यासाठी फर्ग्युसन कॉलेजातील एक बावीस वर्षांचा अध्यापक पुढे आला. तो म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. पाठीशी भांडवल नाही, संस्थानिकाचा आश्रय नाही, आणि वाचक अनुकूल असण्याचा संभव नाही, अशा स्थितीत हे पत्र सुरू झाले. नावच असे घेतले की, ज्याला ते शब्द ऐकताच राग यावयाचा त्याला तो पहिल्या अंकापासून यावा.

त्यात काय येत असे, हे पाहिले म्हणजे आगरकरांचे वेगळेपण कळते. बालविवाह, केशवपन, पुनर्विवाह, मुलामुलींचे एकत्र शिक्षण, वधूवरांनी एकमेकांस पसंत करणे, असे विषय तर होतेच. पण सोवळ्या-ओवळ्याची चिकित्सा, स्त्रीपुरुषांचे पोशाख आणि प्रेतसंस्कार यांवरही त्यांनी लिहिले. वृत्तपत्र हे दरबारच्या आणि परदेशच्या बातम्यांसाठी असते, अशी तेव्हाची समजूत होती. स्वयंपाकघर, देवघर व स्मशान हेही अग्रलेखाचे विषय होऊ शकतात, हे त्यांनी मराठी वाचकाला दाखविले. ते राजकारण विसरले होते, असे मात्र कोणी समजू नये. हिंदुस्थानचे राज्य कोणाच्या फायद्यासाठी चालले आहे, असा परखड प्रश्न त्यांनी इंग्रज सरकारलाही विचारला आणि देशाच्या दारिद्र्याची मीमांसा केली.

पाश्चात्त्यांचे अंधानुकरण करावे, असेही त्यांचे म्हणणे नव्हते. आपल्या मूळ प्रकृतीतील चांगले टिकवून नव्या विद्येचा स्वीकार करावा, हा त्यांचा आशय होता. जातिभेदाने समाजाचे तुकडे पाडले आहेत, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहिले. ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र छापताना हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्यांच्या लेखनाची धाटणी तर्ककठोर होती. प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे, मग एकेक मुद्दा घेऊन त्याचा परामर्श घ्यावा, आणि शेवटी वाचकालाच निर्णय विचारावा, अशी त्यांची रीत होती. मराठी वाक्याच्या घडणीचा त्यांनी शास्त्रीय अभ्यास केला होता, आणि ‘सुधारक’ निघाला त्याच वर्षी त्यांचा ‘वाक्यमीमांसा’ हा व्याकरणविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र ज्या ठिकाणी बालविधवांच्या दुःखाचा विषय निघे, त्या ठिकाणी हा तर्कशास्त्राचा अध्यापक आवेगाने लिही आणि त्याच्या शब्दांना धार चढे.

लोकक्षोभ

परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिव्याशापांची पत्रे आली, व्याख्यानांत गोंधळ झाले, आप्तेष्ट दुरावले. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला. ‘सुधारका’ने त्याचा पुरस्कार केल्यामुळे पुण्यातील वातावरण अधिकच तापले. टिळकांनी १८९० च्या अखेरीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला होता, आणि एके काळी टेकडीवर हातात हात घालून हिंडणारे दोन मित्र आता वृत्तपत्रांतून एकमेकांवर तुटून पडत होते. अशा काळात लोकांनी आगरकरांची प्रतिमा तिरडीवर बांधून प्रेतयात्रा काढली. डोंगरीच्या दारातून बाहेर पडताना ज्यांना हार घालण्यासाठी गर्दी लोटली होती, त्यांनाच स्वतःची तिरडी पाहावी लागली. या दोन प्रसंगांत काही वर्षांचेच अंतर होते, आणि त्या काळात आगरकरांच्या लेखनाची रीत बदललेली नव्हती. त्यांच्या टीकेचा रोख सरकारबरोबर आता आपल्या घरातील रूढींकडेही वळला होता, एवढाच काय तो फरक.

त्यांच्या स्वतःच्या घरी काय चालत असे, हेही सांगितले पाहिजे. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि त्यांची व्रतवैकल्ये चालू असत. आगरकरांनी त्यात कधी अडथळा आणला नाही. जो मनुष्य साऱ्या पुण्याशी वाद घाली, त्याने स्वतःच्या पत्नीवर आपली मते लादली नाहीत. मतस्वातंत्र्य हे त्यांच्या दृष्टीने केवळ लेखात मांडण्याचे तत्त्व नव्हते, हे यावरून दिसते. यशोदाबाईंनी मात्र त्या मतांपायी होणारा उपहास पतीबरोबर सोसला. सुधारकाची पत्नी म्हणून शेजारीपाजारी व नात्यागोत्यात त्यांची जी कुचंबणा झाली असेल, तिची नोंद वृत्तपत्रांत होत नसते.

एवढ्या विरोधात हा मनुष्य टिकला कशाच्या बळावर, याचे उत्तर त्यांच्या बालपणात सापडते. एका सदऱ्यावर ज्याने कॉलेज पुरे केले, त्याला वर्गणीदार कमी होण्याचे भय काय वाटणार? श्रीमंती नको, असे ज्याने स्वतःच्या आईला लिहून कळविले, त्याला कोण विकत घेणार? बालपणीचे दारिद्र्य त्यांच्यावर लादले गेलेले होते. पुढचे त्यांनी जाणूनबुजून पत्करले, आणि त्या बळावरच लेखणी स्वतंत्र ठेवली.

अखेर

ऑगस्ट १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाल्यावर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. कामाचा व्याप वाढला आणि शरीर थकत चालले. दम्याने जर्जर झालेले असतानाही ‘सुधारका’तील लेखन त्यांनी सोडले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मृत्यूपूर्वी टिळक त्यांना भेटून गेले होते, आणि नंतर ‘केसरी’त मृत्युलेख लिहिताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. आगरकरांच्या उशाशी एका पुरचुंडीत थोडे रुपये बांधून ठेवलेले आढळले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून केलेली ती तरतूद होती.

ज्यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या, त्यातील बहुतेक गोष्टी आज आपल्या घरांत इतक्या स्वाभाविक झाल्या आहेत की, त्यांसाठी कोणी झगडले होते हे मुलींना सांगावे लागते. केशवपन नाहीसे झाले. मुली पदवीधर होऊ लागल्या, आपला जोडीदार निवडू लागल्या. १९२९ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि पुढे विवाहाची वयोमर्यादा वाढत गेली. या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थिनींची नावे छापली जातात, तेव्हा त्या यादीमागे ‘सुधारका’चे जुने अंक उभे आहेत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य करतात, हे उत्तमच आहे. महाजनींनी आणि केरूनानांनी तेच केले होते. परंतु साहाय्य घेऊन शिकलेला मुलगा किंवा मुलगी उद्या आपल्याच रीतिभातींविषयी अप्रिय प्रश्न विचारू लागली, तर आपण काय करणार, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःशी ठरवून ठेवावे. ज्या गृहस्थांनी १०,००० रुपयांची हमी दिली, ते आगरकरांच्या ज्ञातीचे नव्हते, आणि ज्यांनी तिरडी बांधली, त्यांत त्यांचे ज्ञातिबांधव होते. आगरकरांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींचे स्मरण ठेवावे, आणि आपल्या घरातील प्रश्न विचारणाऱ्या मुलाला निदान शेवटपर्यंत बोलू द्यावे. आगरकरांना याहून अधिक योग्य श्रद्धांजली आपल्या हातून होणे कठीण आहे.